पीठ माझं, देवी तुमची

द्वारकाअक्काची आठवण आली की मला आधी राग येतो. रडू नंतर येतं, आणि तेही रागाचंच असतं. परवा शेजारच्या सुना म्हणाल्या, "काकू, तुमच्या घरच्या कानबाईच्या जुन्या गोष्टी सांगा ना." मी म्हटलं, सांगण्यासारखी एकच आहे, आणि ती ऐकल्यावर तुमच्या घशाखाली रोट उतरायचा नाही. त्या हसल्या. म्हातारी तिरसट आहे हे त्यांना माहीत आहे.

अक्का माझी थोरली जाऊ. आमचं गाव धुळ्याच्या खाली, पांझरेच्या काठी. मी धुळ्याच्या मास्तरांची मुलगी, चार बुकं शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा पहिली लढाई चालू होती. अक्काचा नवरा त्याआधीच प्लेगात गेला होता आणि पदरात माधव हा एकुलता एक मुलगा होता. हाडापेराने मोठी, उंच बाई. बोलायची कमी. उजव्या तळहाताला जात्याच्या खुंट्याने पडलेला घट्टा होता. कमरेला कायम एक काळा दोरा खोचलेला असायचा, त्याला गाठी मारलेल्या. काम संपलं की तो दोरा हातात घ्यायची आणि अंगठ्याने एकेक गाठ मागे सारत देवाचं नाव घ्यायची. ओठसुद्धा हलायचे नाहीत, फक्त अंगठा हलायचा.

तिचं माहेर पहूरचं, आणि घराणं महानुभाव पंथाचं. देव एकच, परमेश्वर. बाकीच्या साऱ्या देवता त्याच्या हाताखालच्या. उपदेश घेतलेल्या माणसाने त्या एकाशिवाय कोणापुढे डोकं टेकवायचं नाही, कोणाचा नैवेद्य खायचा नाही. आमचे सासरे बैलबाजाराला गेले असताना त्या घरी उतरले, पोरीच्या हातची भाकरी खाल्ली आणि तिथेच मागणी घालून आले. तिच्या बापाने एकच अट घातली. सासऱ्यांनी लग्नाच्या मांडवात सगळ्या भाऊबंदांसमोर शब्द दिला, "आम्हना घरमा तिले कोनी पाय पड म्हनाव नही. मनी जबान शे." ते होते तोवर तो शब्द पाळला गेला. माणूस गेला की त्याचा शब्द त्याच्याबरोबर जाळायचा असतो, हे आम्हाला नंतर कळलं.

आमचं घर म्हणजे देवांचा बाजार. शेतात म्हसोबा, वेशीत मऱ्हीमाय, देव्हाऱ्यात खंडेराव, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर कानबाई. त्यात ही बाई सकाळी उठून भेटेल त्याला "दंडवत" म्हणायची. पाटलाला दंडवत, कासाराला दंडवत, आणि केरसुण्या विकायला येणाऱ्यालाही तोच, तेवढाच वाकून. सासूबाईंचा त्याने संताप व्हायचा. त्यांनी एकदा फटकारलंच. अक्का म्हणाली, "देव एकच म्हटल्यावर दंडवतबी एकच, सासूबाई. दोन आनू कुठून?" पाणी दुहेरी कपड्यातून गाळल्याशिवाय प्यायची नाही. विंचू निघाला तर चिमट्यात धरून बांधापलीकडे सोडून यायची. आम्ही ओरडायचो की तो उद्या परत येईल. ती म्हणायची, "आला तर परत सोडीन. मले कुठं दुसरं काम आहे?" आणि काम तर तिला इतकं होतं की आम्ही दोघी-तिघी मिळून तेवढं उपसलं नसतं.

गावात तिला मानभावीण म्हणत. आपल्या मराठीने या लोकांच्या नावाचीच शिवी करून ठेवली आहे, ढोंगी माणसाला आपण मानभावी म्हणतो. मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात कमी ढोंगी माणूस म्हणजे ती, म्हणून तो शब्द ऐकला की अजून माझं टाळकं सणकतं.

आता कानबाईचं सांगते, कारण सारं त्यावरच फिरलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालतात, डोळे काढतात, दागिने चढवतात, चौरंगावर मांडतात. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे ते गहू मोजून. घरात जेवढे पुरुष तेवढ्या मुठी, प्रत्येकाच्या नावाची सवा मूठ. आमच्याकडे थोरले दीर, म्हणजे आबा, मोठ्याने नाव घेऊन सुपात मूठ टाकत. सगळे भाऊबंद ओट्यावर बसून ऐकत. नवा मुलगा जन्मला असला तर त्याच्या मुठीला आरोळी उठायची. कोणी मेला असला तर त्याचं नाव गाळून आबा पुढे जायचे. ज्याची मूठ पडली तो घरचा. पोरींची नि बायकांची मूठ नसते. ते रोट घरच्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही.

या रोटाचं दळण अक्का दळायची. तिच्यासारखं पीठ पंचक्रोशीत कोणाचं पडत नव्हतं, आणि सासूबाई देवीला चांगलं तेच द्यायच्या. आंघोळ करून, निर्जळी बसून अक्का ते गहू दळायची. बाकीच्या बायका कानबाईची गाणी म्हणायच्या, ती गप्प. दळण झालं की पिठाची परात उचलून देव्हाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवायची, आणि तिथूनच मागे फिरायची. पहिल्या वर्षी मी विचारलं तर म्हणाली, "पीठ माझं, देवी तुमची." ते रोट ती खायची नाही. चुलीच्या कडेला स्वतःपुरती ज्वारीची भाकरी थापायची.

मला तिच्याशी वाद घालायला आवडायचं. शेंगा फोडताना मी म्हणायचे, "अक्का, एवढे देव आहेत, एखाद्याला हात जोडले तर काय बिघडतं?"

"मालक घरात असल्यावर चाकराच्या पाया कोन पडतं?"

"चाकराला निदान हाक तरी ऐकू येते. गाय आटली तर म्हसोबा, पोर तापलं तर मऱ्हीमाय. बाईमाणसाला बोलायला कोणीतरी लागतं. तुमचा तो मालक एवढा मोठा, त्याच्याशी बोलायचं कसं?"

त्यावर तिने सुपातली फोलं फुंकून टाकली. मग म्हणाली, "सरू, दहा देव असले म्हंजे मानूस एकाजवय एक बोलतं, दुसऱ्याजवय दुसरं. एकच असला म्हंजे खोटं बोलायची सोय राहत नही." मी हसले. तेव्हा मला ते नुसतं पाठ केलेलं वाटलं.

माझी सोनी दोन वर्षांची असताना देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला. सासूबाईंनी दार लावून घेतलं. टोचलं तर माता कोपते. गावातली निम्मी पोरं त्या दिवशी शेतात पळवली होती. अक्काने दहा वर्षांच्या माधवचा हात धरला आणि उघड्या रस्त्याने चावडीवर नेऊन त्याला टोचून आणलं. परत आल्यावर मला म्हणाली, "पोरीले आन. अजून आहे तो." मी मास्तरांची मुलगी. माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांना टोचून घेतलं होतं, माझ्या दंडावर वण होता. आणि मी काय केलं? सासूबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि सोनीला कणगीच्या मागे लपवून, ओरडू नये म्हणून तिच्या तोंडात गूळ कोंबला. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. मी स्वतःच्या हाताने लपवलं.

दोन वर्षांनी फाल्गुनात गावात देवी आल्या. सोनी तापाने पडली. सासूबाईंनी सगळ्या सुनांना ओल्या लुगड्याने मऱ्हीमायला पाणी घालायला लावलं. अक्का गेली नाही. ती सोनीजवळ बसली, निंबाच्या पाल्याने वारा घालत, कापसाच्या बोळ्याने तिच्या ओठांवर पाणी सोडत. रोगाला कोणी माता म्हटलं की तिचा आवाज चढायचा, "रोग म्हना याले. माय असं करते का?" मी देवळात पाणी घालत होते तेव्हा माझं पोर तिच्या मांडीवर होतं. बाराव्या दिवशी ते तिच्याच मांडीवर गेलं.

सासूबाईंनी छाती बडवून घेतली आणि अक्काकडे बोट केलं, "कानबाई कोपनी वं माय! तुनामुये कोपनी! मनी नात गयी नि तुना आंडोर हिंडी ऱ्हायना!" तिच्या आंडोराला, माधवला, काहीच झालं नव्हतं, त्याच्या दंडावर टोचल्याचा वण होता. मला हे सगळं ठाऊक होतं. कणगी ठाऊक होती, गूळ ठाऊक होता. आणि मी अक्काकडे पाहून म्हणाले, "खरंच आहे. तुम्ही एकदा वाकला असता तर माझी पोर राहिली असती." तिच्या पदराला अजून सोनीच्या अंगाचा निंबाचा वास होता.

त्याच वर्षी ज्येष्ठात सासरे गेले. श्रावणात कानबाई आली. आबा धाकट्या भावजयीशी थेट कधी बोलत नसत, तशी रीत होती. सुपात मुठी टाकता टाकता ते माधवच्या नावाशी थांबले आणि सासूबाईंकडे पाहून म्हणाले, "माय, तिले सांग. पाय पडनी ते मूठ पडी. नही ते तिना आंडोर ह्या घरना नही." ओट्यावर सगळे भाऊबंद. माधव तिथेच उभा, बारा वर्षांचा, नव्या टोपीत. मूठ नाही म्हणजे घर नाही, उद्या शेत नाही, परवा कोणी पोरगी देणार नाही. हे त्या ओट्यावरच्या लहान पोरालाही समजत होतं. माझे यजमान खाली बघत सुपारी कातरत होते. सासऱ्यांनी शब्द दिला तेव्हा जे जे हजर होते, ते सगळे त्या ओट्यावर होते. एकाचं तोंड उघडलं नाही. त्या सगळ्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

अक्का नुसती म्हणाली, "दयन आना." आबांनी सात मुठींचं सूप आत पाठवलं आणि संध्याकाळपर्यंतची मुदत दिली.

ते सूप माझ्या हातात आलं. मी आतल्या खोलीत थांबले, कणगीत हात घातला, माधवचं नाव मनात घेतलं आणि सवा मूठ गहू त्यात टाकले. वाटलं, झालं. देवीच्या रोटात पोराची मूठ गेली, आबांना कळलं नाही, अक्काला वाकावं लागलं नाही. सोनी गेल्यापासून अक्कासाठी मी केलेली ती पहिली गोष्ट होती.

दळायला बसण्याआधी अक्का ते गहू नेहमी आपल्या मुठीने टोपलीत मोजून घ्यायची, कारण पीठ कमी भरलं तर बोल दळणारणीला लागतो. तिने मोजलं. थांबली. पुन्हा मोजलं.

"सरू, हे आठ झाले."

"गप्प बसा," मी तिच्या कानाशी म्हणाले. "दळा."

"कोनाची मूठ ही?"

"अक्का, पाया पडते तुमच्या, दळून टाका. कोणाला कळणार आहे?"

"ज्याले कयायचं त्याले कयलं ना," ती म्हणाली. मग सवा मूठ गहू उचलून ओट्याच्या दारात गेली आणि सगळ्यांसमोर हात पुढे केला. "हे जास्त आले व्हते. माझा पोरगा चोरून घरात नको."

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही. आबांचाही नाही. अरे, एक मूठ गहू! कोणाचं काय जात होतं? कोणता देव त्या टोपलीत डोकं घालून बघत होता? आणि बघत होता, तर माझी सोनी बारा दिवस तडफडत असताना कुठे बघत होता?

ओट्यावर कुजबुज झाली. तेवढ्यात माधव पुढे आला. रडवेला झाला होता. "माय, पड ना पाय. एक डाव पडनी ते काय व्हई?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हातातले गहू माझ्या ओंजळीत दिले. आत जाऊन ते दळण पुरं दळलं, परात नेऊन उंबऱ्याशी ठेवली, आणि त्या वर्षी मागे फिरली नाही. उंबरा ओलांडून कानबाईसमोर गेली आणि जमिनीला डोकं टेकलं. आबांनी मोठ्याने माधवचं नाव घेऊन रिकाम्या सुपात मूठ टाकली, तीही अक्कानेच दळली. भाऊबंदांनी आरोळी दिली, जणू पोर आताच जन्मलं होतं. अक्काने रोट खाल्ला. एकेक घास पाण्याबरोबर उतरवताना मी तिला पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी कानबाई नदीवर गेली. बायका फुगड्या घालत होत्या. अक्का परसात माझ्याकडे आली, कमरेचा दोरा काढला आणि माझ्या हातात दिला. "ठेव कुठं. आता मले हे घ्यायचा हक्क नही."

मी म्हटलं, "का नाही? पोरासाठी केलंत. तुमच्या देवाला एवढंही कळत नसेल तर कसला देव?"

"त्याले कयतं," ती म्हणाली. "पन मी म्हटलं व्हतं ना त्याले, तू एकच. ते खोटं झालं."

त्यानंतर पंचवीस वर्षं ती आमच्यात राहिली. दरवर्षी दळण दळलं, दरवर्षी वाकली, दरवर्षी रोट खाल्ला. गाव म्हणालं, सुधारली बाई. सासूबाई मरताना तिला आशीर्वाद देऊन गेल्या. माधवला शेत मिळालं, बायको मिळाली, तो सगळं विसरला. कोणालाच दिसलं नाही की त्या बाईने परमेश्वराचं नाव पुन्हा घेतलं नाही. काम संपलं की ती भिंतीला टेकून बसायची आणि रिकामा अंगठा बोटांवरून फिरवायला जायचा, मग ती तो मुठीत दाबून धरायची. देवी तिची नव्हती आणि देव तिने स्वतःच सोडला होता. दंडवत मात्र सगळ्यांना करायची. आणि कानबाई बोळवल्यावर दरवर्षी मूठभर पीठ परसातल्या वारुळाशी टाकून यायची. मुंग्यांनाही जीव आहे, हे तिच्या पंथाचं उरलेलं असेल, असं मी धरून चालले.

तो दोरा मी कानबाईच्या नथीच्या डबीत ठेवला होता. मुद्दाम. म्हटलं, राहू देत दोघांना एका डबीत, बघू भांडतात का. पंचवीस वर्षांत काही भांडले नाहीत. भांडतो ते आपणच.

देश स्वतंत्र व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात अक्का म्हणाली, मले पहूरले जायचं. भाचा न्यायला आला. आबा वारले होते, अक्काच्या खालोखाल घरात मीच थोरली होते, अडवणारं कोणी नव्हतं. धुळे स्टेशनवर मी पोचवायला गेले. चाळीसगावच्या गाडीत खिडकीशी बसवून दिल्यावर मी पदरातून तो दोरा काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो ओळखला. मूठ मिटून घेतली. अंगठा हलवला नाही.

"तिथं पंथाचे बाबा आहेत आश्रमात," ती म्हणाली. "इचारते त्याह्यले, परत घेतो का तो मले."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "तुम्ही विचारायचं? पंचवीस वर्षं त्याने काय केलं तुमच्यासाठी? त्यानेच तुमच्या दारात येऊन उभं राहावं आणि माफी मागावी!" फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. अक्काने खिडकीतून हात काढून माझ्या तोंडावर ठेवला. घट्टा अजून तसाच होता.

मी शांत झाल्यावर ती म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. ते पीठ मी टाकायची ना परसात, ते मुंग्यांचं नव्हतं. माझ्या वाट्याच्या गव्हातली सवा मूठ मी निराळी दयायची. सोनीची."

मी गजांशी कान नेला.

"पोरीची कोन मोजतं?" ती म्हणाली. "देवीच्या नावानं नही टाकली. देवाच्याबी नही. तिच्याच नावानं टाकली. आता तू टाकत जा."

गाडीने शिट्टी दिली. कणगी, तो गूळ, "तुम्ही वाकला असता तर" म्हणाले ते, यातलं एकही मी तिच्याजवळ कधी बोलले नव्हते. तेव्हाही बोलता येईना. तिच्या पायांपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून मी खिडकीच्या गजांना कपाळ टेकवलं आणि हात जोडले. ती चटका बसल्यासारखी मागे सरकली.

"डोकं उचल, सरू," ती रागावून म्हणाली. एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच माझ्यावर रागावलेली पाहिली. "मानसाच्या पाया पडू नही. पाया एकाच्याच पडतात."

आणि गाडी हलली.